साखळी, बटण आणि बादली

घर बांधायला काढलं की ओट्याला कुठला ग्रॅनाइट, देवघर कुठल्या दिशेला, टाइल्स पांढऱ्या की बदामी, यावर आपण बायका आठवडाभर बोलू शकतो. संडासाचा विषय निघाला की मात्र ‘ते प्लंबरलाच विचारा’ म्हणून मोकळ्या होतो. मग पुढची वीस वर्षं तो घासायचा कोणी, पाणी नसेल तर भरून आणायचं कोणी, आणि तुंबला की नाकाला पदर लावून काठी घेऊन उभं राहायचं कोणी? आपणच!

आमचं कामतघर हे भिवंडीतलं. यंत्रमागांचा खडखडाट पाळण्यातल्या पोरालाही अंगाईसारखा वाटावा अशी वस्ती. वऱ्हाळदेवीचा तलाव हाकेच्या अंतरावर, पण नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न काही सुटत नाही. जुन्या चाळी जाऊन इथे इमारती उभ्या राहिल्या आणि सार्वजनिक संडासापुढे डबा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणींच्या घरात स्वतःचा संडास आला. ही गोष्ट केवढी मोठी आहे, हे ती पहाटेची रांग ज्यांनी भोगली त्यांनाच कळेल.

पण संडास आला तशा तक्रारीही आल्या. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या की खरी चर्चा सुरू होते. “ताई, बटण दाबते, पाणी येतं, पण जायचं ते जातच नाही.” “आमची टाकी भरतच नाही बघा, रात्रभर सुर्रर्र आवाज.” एका तेलुगू अक्कांनी तर चकचकीत बटणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून टाकली आणि शेजारी बादली ठेवली. नवऱ्याने हौसेने बसवलेलं, म्हणून काढता येत नाही. वापरताही येत नाही!

या सगळ्या तक्रारींची उत्तरं मला एका म्हाताऱ्या प्लंबरकाकांनी आमच्या गच्चीवर बसून दिली. थोडं वाचून, थोडं इंजिनीअर भाच्याला छळून मी त्यात भर घातली. सगळ्यात आधी कळलं ते हे, की भिंतीवरची टाकी म्हणजे फ्लश नव्हे. फ्लशचा खरा जीव आहे भांड्याखालच्या वाकड्या नळीत.

भांड्याच्या तळाशी नेहमी थोडं पाणी साचलेलं दिसतं ना? ते वाया गेलेलं पाणी नव्हे, तो पहारेकरी आहे. भांड्यातून निघालेली नळी आधी वर चढते, मग खाली उतरते. त्या चढावामुळे पाणी अडून राहतं. गटारातला वास, झुरळं आणि विषारी वायू त्या पाण्याच्या पलीकडेच थांबतात. प्लंबर याला ‘ट्रॅप’ म्हणतात. ही वाकडी नळी १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या माणसाने पेटंट केली. हा गृहस्थ मूळचा घड्याळजी! पाण्याने धुऊन जाणारा संडास त्याआधी जवळजवळ १८० वर्षं, म्हणजे १५९६ मध्ये, राणी पहिली एलिझाबेथ हिचा मानसपुत्र जॉन हॅरिंग्टन याने करून दाखवला होता. पण वासाचा बंदोबस्त त्यात नव्हता. मग घरात कोण ठेवणार?

आता या नळीची गंमत बघा. भांड्यात मगाने हळूहळू पाणी ओतलं, तर जेवढं ओताल तेवढंच चढावावरून पलीकडे सांडतं. भांड्यातली पातळी तीच राहते आणि तरंगणारं तरंगतच राहतं. अशी अख्खी बादली रिकामी केली तरी उपयोग शून्य. तेच अर्धी बादली एका दमात, जरा उंचावरून ओतली, की भांड्यातलं पाणी एकदम वर चढतं आणि त्याच्या वजनाने सगळा माल चढावापलीकडे ढकलला जातो. म्हणजे पाणी किती यापेक्षा ते किती झटक्यात आलं याला महत्त्व. ‘जायचं ते जात नाही’ म्हणणाऱ्या ताईंच्या घरी जाऊन आम्ही पाहिलं, तर टाकी पूर्ण भरत होती, पण टाकीतून भांड्यात येणाऱ्या वाटेवर क्षार साचून भोकं बुजत आली होती. पाणी तेवढंच, पण करंगळीएवढ्या धारेने. भांड्याच्या कडेखालची ती भोकं जुन्या टूथब्रशने घासली आणि काम झालं. नवी टाकी घ्यायला निघाले होते घरातले!

टाकीची करामत असते ती हाच झटका देण्याची. ती वेगवेगळ्या तऱ्हांनी दिली जाते.

सगळ्यात जुनी ती साखळीची टाकी. मुंबईच्या जुन्या इमारतींत, रेल्वे स्टेशनांवर, सरकारी क्वार्टर्समध्ये डोक्यावर उंच बसवलेली ती काळी बिडाची टाकी तुम्ही पाहिली असेल. साखळी ओढली की आत घंटेच्या आकाराचं झाकण उचललं जायचं, सोडली की धप्पकन खाली बसायचं आणि त्या दणक्याने थोडं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून पलीकडे उडायचं. एकदा का ते नळीतून खाली उतरायला लागलं, की मागचं सगळं पाणी आपल्यामागे ओढून न्यायचं. याला सायफन म्हणतात. नाव नवं वाटलं तरी काम आपल्या सवयीचं. पिंपातलं पाणी बादलीत काढायचं असेल तर आपण नळीचं एक टोक पिंपात बुडवतो, दुसरं ओढून खाली सोडतो, मग पिंप तळापर्यंत आपोआप रिकामं होतं. रॉकेलच्या डब्यातून बाटलीत रॉकेल असंच काढायचो की नाही? तोंडात गेलेल्या घोटाची चवसुद्धा आठवते मला.

या सायफनच्या टाकीचा मोठा गुण म्हणजे तिच्या तळाला उघडझाप करणारी झडपच नाही. झडप नाही तर गळणार काय? इंग्लंडमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून २००१ सालापर्यंत संडासाला सायफनचीच टाकी लावायचा नियम होता. आपल्याकडे मात्र ती पाणी भरपूर खाणारी म्हणून बदनाम झाली आणि तेही खरंच. एका ओढीला १० लिटर, जुन्या टाक्यांत त्याहून जास्त.

नंतर आली आज घरोघरी दिसणारी पांढरी टाकी. हिच्या आत डोकावायला भिऊ नका, झाकण नुसतं उचलायचं असतं. आतलं पाणी नळाचंच, चांगलं असतं. आत एक तरंगता गोळा किंवा डबी दिसेल, तो फ्लोट. पाणी वर चढलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. तळाशी मध्यभागी एक झडप असते, तिच्या बुडाला रबराची चकती. बटण दाबलं की झडप उचलली जाते, सगळं पाणी धाडकन भांड्यात उतरतं, मग झडप पुन्हा बसते. शेजारी एक उघडी उभी नळी असते. फ्लोट बिघडून पाणी जास्त झालं तर ते जमिनीवर न सांडता त्या नळीतून भांड्यात जावं, यासाठी ती.

गळतीच्या दोन्ही जागा इथेच आहेत. फ्लोट नीट बंद झाला नाही तर पाणी उभ्या नळीतून जातं, रबर झिजलं तर झडपेखालून जातं. दोन्हीकडचं पाणी गुपचूप भांड्यात उतरतं, जमीन कोरडी ठणठणीत. म्हणून घरात कोणाला पत्ताच लागत नाही. गच्चीवरची टाकी दुपारीच कशी संपते, याचं कोडं मात्र सगळ्यांना पडतं आणि मग शेजारणीने धुणं जास्त काढलं म्हणून भांडणं! परीक्षा अगदी सोपी आहे. रात्री सगळे झोपायला गेले की टाकीत कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं दिसलं तर टाकी गळतेय. आमच्या इमारतीत आम्ही एका रात्री घरोघर ही निळीची परीक्षा घेतली. कोणाकोणाची भांडी निळी निघाली ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातल्या रबरी चकत्या संपल्या.

टाकी जुनी १० लिटरची असेल तर आणखी एक युक्ती. लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरून, घट्ट बूच लावून टाकीत कोपऱ्यात उभी करायची, फ्लोटला अडणार नाही अशी. दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं. काहीजणी वीट ठेवतात, ते करू नका. वीट भिजून तिचा चुरा झडपेत अडकतो.

दोन बटणांची टाकी ही कल्पना ऑस्ट्रेलियातली, १९८० सालची. दुष्काळी देश तो, पाण्याची किंमत त्यांना कळते. मोठं बटण शौचासाठी, छोटं लघवीसाठी. आता मिळणाऱ्या टाक्यांत साधारण ६ आणि ३ लिटर. आता आपण घरचा हिशोब करू. पाच माणसं, प्रत्येकजण दिवसातून पाच वेळा गेला तर २५ वेळा फ्लश. जुन्या टाकीने २५० लिटर, म्हणजे आपला दोनशे लिटरचा निळा पिंप अख्खा आणि वर आणखी पाव. दोन बटणांच्या टाकीने, प्रत्येकाने एकदा मोठं आणि चारदा छोटं दाबलं, तर ९० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी हिशोबात धरतात आणि त्यातले तब्बल ४५ लिटर नुसत्या फ्लशचे. ज्यांच्याकडे नळ दिवसाआड येतो त्यांनी हे आकडे कुठल्या तोंडाने ऐकायचे? पण गंमत अशी, की घरातल्या पुरुषांना आणि मुलांना छोटं बटण कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. एका घरात तर मुलगा दोन्ही बटणं मिळून दाबायचा, ‘दोन आहेत म्हणजे दोन्ही दाबायची!’

अक्कांच्या चकचकीत बटणाची भानगड वेगळी. त्यांच्याकडे टाकीच नाही. भिंतीतला व्हॉल्व्ह थेट गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला जोडलेला. दाबलं की पाइपातलं पाणी जोराने भांड्यात येतं आणि व्हॉल्व्ह आपोआप हळूहळू बंद होतो. मॉल, थिएटर, ऑफिस यांना हे छान, कारण टाकी भरायची वाट बघावी लागत नाही. पण त्याला पाइप जाड हवा आणि पाण्याला दाब हवा. अक्का राहतात सगळ्यात वरच्या मजल्यावर. ‘टाकी तर डोक्यावरच आहे, मग जोर का नाही?’ हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं, की दाब उंचीवर अवलंबून. टाकी जितकी उंच, तितका खाली जोर. दहा मीटर खाली गेलं तर चांगला जोर मिळतो, वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला तोच व्हॉल्व्ह झकास चालतो, अक्कांकडे नुसता उसासा टाकतो. तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, दुकानदार कितीही भुलवो, टाकीवालाच फ्लश घ्या. आणि वीज गेली, पंप बंद पडला, गच्चीवरची टाकी संपली, तर व्हॉल्व्हवाल्याकडे एक फ्लशही शिल्लक राहत नाही. टाकीवाल्याकडे निदान एक भरलेला असतो.

विमानातला संडास सगळ्यात काटकसरी. बटण दाबलं की भांडं धुण्यापुरतं अर्धाएक लिटर पाणी येतं आणि हवेच्या ओढीने सगळं खेचून नेलं जातं. त्या ‘खर्रक्‌’ आवाजाने पहिल्या प्रवासात आमच्या सासूबाई दचकल्या होत्या. आता वंदे भारत गाडीतही ओढीचाच फ्लश आहे.

पण खरं सांगू का, आपल्या गावांसाठी सगळ्यात शहाणा फ्लश अक्कांनी शेजारी ठेवलाय तोच. बादली! आणि तो काही गरिबाघरचा तात्पुरता उपाय नव्हे, त्याचं शास्त्र आहे. बिहारमध्ये १९७० साली सुलभ संस्था सुरू करणारे डॉ. बिंदेश्वर पाठक (ते २०२३ मध्ये वारले) यांनी जे भांडं देशभर पोचवलं, त्याचा उतार चांगलाच तीव्र, २५ ते २८ अंशांचा. खालच्या नळीत पाणी फक्त २० मिलिमीटर उभं, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी. अडथळा कमी, उतार जास्त, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. एक तांब्या आणि वर थोडं. टाकी नाही, झडप नाही, रबर नाही, प्लंबर नाही. पुढे दोन खड्डे. एक भरेपर्यंत दुसरा बंद, मग वाट बदलायची. बंद खड्ड्यातला मैला दोनेक वर्षांत कोरडा, बिनवासाचा, मातीसारखा होतो. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या वरंगळजवळच्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि हाताने खत काढून दाखवलं. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसल्याच. “आमच्याकडचंच गाव! आणि आम्ही इथे येऊन बटणाच्या मागे लागलो.”

या सगळ्यामागे आपल्या महाराष्ट्रातलं एक मोठं नाव आहे आणि ते विसरलं जातंय याचं मला वाईट वाटतं. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम मलाही करू द्या म्हणून त्यांनी अन्न कमी केलं, उपवास धरला आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजीही उपवासाला बसले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत होईल आणि तो कोणाला डोक्यावरून वाहावा लागणार नाही अशा संडासांचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ या नावाने तो ओळखला जायचा. शिकलेला ब्राह्मण माणूस संडासावर विचार करत आयुष्य घालवतो, याचं त्या काळी लोकांना केवढं आश्चर्य वाटलं असेल!

दोन खड्ड्यांची सोय दाट वस्तीत जमत नाही हेही खरं. जागा नाही, पावसात पाणी वर येतं, विहीर जवळ असेल तर पाणी नासण्याची भीती. पण भांडं तीव्र उताराचं घ्यायला कोण अडवतंय? गुडघे दुखणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी कमोड हवाच, त्याबद्दल वाद नाही. दोन संडास असतील तर एक कमोड, दुसरं उताराचं भांडं. एकच असेल तर साधी बाहेरची टाकी आणि बादली भरता येईल असा खाली एक नळ. भिंतीच्या आत लपवलेली टाकी दिसायला सुरेख, पण सुटे भाग मिळत नाहीत अशा गावात ती बिघडली की डोकेदुखी.

एक गोष्ट उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी. महिनाभर घर बंद राहिलं की त्या वाकड्या नळीतलं पाणी वाळतं. पहारेकरीच गेला! परत आल्यावर घरभर दर्प येतो तो त्यामुळे. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालीही असाच ट्रॅप असतो. इंजिनीअरच्या इंग्रजी पुस्तकातसुद्धा त्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात, आपल्या न्हाणीवरून! तो वाळणं नुसतं वासापुरतं नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ तीनशेहून जास्त लोकांना झाली, त्यात जमिनीतले हे कोरडे ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं. जाताना दोन्हीकडे तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल टाकून जा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

फ्लश झालं, पुढे काय? आमच्यासारख्या बऱ्याच इमारतींत सगळं जातं सेप्टिक टँकमध्ये. तिथे जड गाळ तळाला बसतो आणि जिवाणू तो खातात. वर म्हटलं त्या गळक्या टाकीचं पाणी रात्रंदिवस तिथे जात राहिलं, तर गाळाला बसायला उसंतच मिळत नाही, तो पुढे वाहून जातो. ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतल्या की जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड टाकलं की पुढचा बाक बंद. मग दोन-तीन वर्षांऐवजी दरवर्षी टाकी उपसायची वेळ येते.

उपसायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. असा मृत्यू झाला तर वारसांना ३० लाख रुपये द्यावेत असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं. तरीही आमच्या इमारतीच्या बैठकीत ‘गाडीला पैसे फार, एक मुलगा आहे, तो उतरतो’ अशी सूचना आलीच. बोलणारे वाईट नव्हते, जमाखर्च पाहत होते. तेव्हा मागच्या रांगेतून अक्का उठल्या. मराठी त्यांची मोडकीतोडकी, पण आवाज खणखणीत. “माझा मुलगा पण तेवढाच आहे. कोणाचा मुलगा उतरवणार?” कोणी काही बोललं नाही. घरामागे वर्गणी वाढवून गाडी मागवायचं ठरलं.

तुमच्याकडे ही वेळ आली तर गाडीवाल्याला फोनवरच विचारून घ्या, नळी किती फूट लांब आहे. आमचं चेंबर मागच्या गल्लीत, गाडी उभी पुढच्या रस्त्यावर, पहिल्या गाडीची नळी पोचलीच नाही. आणि नळी पोचली नाही की ‘मग माणूसच उतरवू’ सुरू होतं. आम्ही दुसरी, लांब नळीची गाडी येईपर्यंत, दोन तास, चेंबरच्या झाकणाजवळ खुर्च्या टाकून बसलो होतो.